पांढरी वायर

वैशाख लागला की पनवेलच्या हवेला काथ्याचा वास येतो. इतरांना येत नसेल. त्यांना आंब्यांचा येत असेल, मोगऱ्याचा येत असेल, खाडीकडून वारा फिरला की चिखलाचा येत असेल. मला मात्र काथ्याचा येतो, उन्हात तापलेल्या बांबूचा येतो, आणि वर्षभर गोणीत दाबून ठेवलेलं मांडवाचं कापड उघडलं की जो कोंदट, किंचित गोडसर वास सुटतो, तो येतो. तीस-बत्तीस लग्नसराया मी या वासात काढल्या. पहिल्या चार दुसऱ्याचे बांबू माझ्या खांद्यावर घेऊन. बाकीच्या माझे बांबू दुसऱ्यांच्या खांद्यावर देऊन.

यंदाची लग्नसराई मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहतोय. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दीड महिना जिना बंद केला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. घर घेताना नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवून मी बिल्डरकडून भाव पाडून घेतला होता. तो कसा पाडला याची गोष्ट मी पुढे कित्येकांना रंगवून सांगितली. आता तीच गोष्ट मला खाली उतरू देत नाही.

समोरच्या मैदानात कुणाचा तरी मांडव उभा होतोय. बांबू तिरका रोवलाय, गाठ सैल आहे, वारा सुटला तर छताचं कापड फुग्यासारखं उठेल. खिडकीतून ओरडून सांगितलं. मांडववाल्याने वर बघितलं, हात जोडले आणि पुन्हा तसाच तिरका बांबू आवळला. पूर्वी मी शेजारून नुसता चालत गेलो तरी लोक गाठी सोडून परत बांधायचे. खिडकीतल्या माणसाला कोण विचारतो? घासाघीसही फोनवर होत नाही. समोरच्याने "परवडत नाही" म्हटल्यावर त्याची नजर कुठे जाते, ते पाहावं लागतं. फोनवर सगळ्यांचं "परवडत नाही" सारखंच ऐकू येतं.

आणि याच सराईत माझ्या मुलीचं, मयूरीचं लग्न आहे. अर्ध्या तालुक्याचे मांडव घातलेल्या माणसाच्या मुलीचं लग्न, आणि माणूस पलंगावर, पायाखाली दोन उशा. मयूरी बेलापूरला ऑफिसात आहे, मुलगा पुण्याचा. तिने माझ्याकडे दागिना मागितला नाही, हॉल मागितला नाही. म्हणाली, "बाबा, हळदीला डीजे नको. मला आजीचा धवला पाहिजे."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

माझी आई धवलारीन होती. आमच्या आगरी लोकांत भटजी येण्याआधी धवलारीन लागते. ती गात नाही तोवर हळद लागत नाही, देव जागे होत नाहीत, नवरी पाटावर बसत नाही. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आईचा आवाज गोड नव्हता. जात्यासारखा होता. खालून यायचा, संथ, आणि एकदा सुरू झाला की थांबवता येत नसे. लहानपणी मी तिच्याबरोबर गावोगावच्या मांडवांत जायचो. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की गाणं कानाने ऐकू यायच्या आधी हाडांतून यायचं. तिच्या पदराला कायम हळदीचे डाग. मांडवाच्या धंद्यात मी का पडलो, असं लोक विचारतात तेव्हा मी हिशेबी उत्तर देतो. खरं उत्तर हे की मला दुसरी जागाच ठाऊक नव्हती.

धंदा वाढला तशी मुंबई-पुण्याकडची नोकरदार गिऱ्हाइकं आली. खारघरला टॉवर उठले आणि त्यांची लग्नं माझ्या मांडवात व्हायला लागली. "तुमच्या आई काय करतात?" कुणी विचारलं की मी म्हणायचो, "घरीच असतात." त्या वेळी ती बेलपाड्याला कुणाच्या तरी अंगणात बसून गात असायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिने कुणाला शिकवलं नाही, कारण कुणी शिकायला बसलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, हळदीच्या धवल्याच्या पहिल्या दोन ओळी येतात, पुढे ती भलत्याच गाण्यात शिरते. गावात दुसऱ्या धवलारणी आहेत, पण आईचा हा धवला तिला तिच्या आईकडून आलेला, तो दुसरीकडे नाही. म्हणजे मागे उरली एकच गोष्ट, बेबीच्या लग्नाची डिस्क. आणि त्या डिस्कमध्ये आईचा आवाज नाही, हे मला ठाऊक होतं. ते कुणामुळे नाही, हेही मी छातीठोकपणे सांगत आलो होतो.

दिनकर व्हिडिओवाला. पळस्प्याला राहतो. गोव्याच्या रस्त्याला टेम्पो घेऊन जायची वेळ आली की त्याच्या घरावरून जावं लागायचं, आणि मी मान दुसरीकडे फिरवायचो. इतकी वर्षं. बेबीच्या लग्नाच्या शूटिंगचं काम मी त्याला दिलं होतं. तेव्हा तो नवा होता, मवाळ बोलायचा, आणि मवाळ माणूस दिसला की माझ्या जिभेला धार येते. दुसरी प्रत तो देत होता. मी म्हटलं, प्रत नको, त्याबदल्यात गाणी वाढव. तेव्हाची पद्धतच ती. वरात, पंगत, हार घालणं, सगळ्याखाली सिनेमाची गाणी लावलेली. ज्याच्या डिस्कवर गाणी जास्त, त्याचं लग्न मोठं.

डिस्क आली. घरच्यांना बसवलं, लावली. वरातीवर गाणं, पंगतीवर गाणं. मग हळद आली. पाटाशेजारी आई बसलेली, तोंड हलतंय, मान डोलतेय, आणि आवाज येतोय कुठल्या तरी सिनेमातल्या बाईचा. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने थोडा वेळ पाहिलं, मग उठून भाताला आधण ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी दिनकरच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि बाजार जमेल इतक्या आवाजात त्याला विचारलं की माझ्या आईचा आवाज पुसायचा अधिकार तुला कुणी दिला. तो म्हणत होता, "भाऊ, ऐका, तुमच्या टीव्हीची ती वायर..." मी म्हटलं, माझ्या टीव्हीला नावं ठेवू नकोस, तुझ्या दुकानाएवढा मोठा आहे तो. लोक हसले. त्याने पुन्हा तोंड उघडलं. मी उघडू दिलं नाही. भांडणात समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, हे मी बाजारात शिकलो होतो आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढच्याच वर्षी आई गेली. डिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून प्लेअरसकट माळ्यावर टाकली. राग असलेल्या वस्तू मी फेकत नाही, जपून ठेवतो.

तर मयूरी हट्टाला पेटली. आवाज नसला तर नसू दे, म्हणाली, आजीचं तोंड तरी दिसेल, ओठांवरून बेबीआत्याला आठवेल. माझ्या बायकोने, सुमनने, स्टुलावर चढून माळ्यावरून प्लेअर काढला. त्याच्या पाठीला तीन वायरींचा झुबका होता. पिवळी, पांढरी, लाल. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या, एवढं मलाही माहीत होतं. सुमनने फडक्याने धूळ पुसली, नवीन टीव्हीमागे हात घातला आणि म्हणाली, "हिकडं भोकंच नायत." त्या पातळ टीव्हीला रंगीत भोकं नव्हतीच. दोन चपट्या खाचा होत्या, बस. जुना प्लेअर आणि नवा टीव्ही यांच्यात बोलायची भाषाच उरली नव्हती.

बाजारात सलीमभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. माझे लाऊडस्पीकर ते वर्षानुवर्षं बघत आलेत. सुमन गेली. त्यांनी एक छोटी काळी पेटी पुढे केली. या बाजूने तीन रंगीत वायरी आत, त्या बाजूने टीव्हीची चपटी वायर बाहेर. सुमनने फोन लावला. मी पलंगावरून भाव केला. सलीमभाई हलले नाहीत. मी सुमनला म्हटलं, समोरच्या दुकानात बघ. समोर तशीच दिसणारी पेटी स्वस्तात मिळाली. मी पलंगावर पडल्या पडल्या मिशीवरून हात फिरवला.

ती पेटी उलटी निघाली. नव्या यंत्राचं चित्र जुन्या टीव्हीला देणारी. आम्हाला जुन्याचं नव्याला हवं होतं. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. सगळी संध्याकाळ निळा पडदा पाहून झाल्यावर हे कळलं. सुमन पुन्हा तीन मजले उतरली आणि पुन्हा तीन चढली. वर येऊन पाणी प्यायली, पेटी माझ्या पोटावर ठेवली आणि म्हणाली, "सलीमभाय इचारत होते, शेटना गुडघ्याचा डॉक्टर पन समोरच्या दुकानातला मिलाला काय?"

रविवारी दुपारी मांडामांड झाली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. मयूरी घरी होती. सुमन टीव्हीमागे, मी पलंगावरून काठीने दिशा दाखवतोय. ती पिवळी तिकडे, नाही, त्याच्या बाजूला. पेटीवरची अक्षरं इतकी बारीक की तिने पिवळीच्या जागी लाल खुपसली आणि सबंध खोलीत भुंग्यासारखा आवाज भरला. मी ओरडलो. "तुमी जरा गप बसाल काय?" सुमन टीव्हीमागून म्हणाली. "मग येवा हितं, करा तुमीच." मला येता आलं असतं तर गेलोच असतो. त्या क्षणी ती खोली मला इतकी लहान वाटली की भिंती गुडघ्याला टेकल्यासारख्या. स्वतःच्या मुलीच्या लग्नात तीन वायरी तीन भोकांत घालणंही माझ्या हातात नव्हतं.

मग सगळं जागेवर बसलं. मयूरीने रिमोटने टीव्हीची दुसरी खाच निवडली. पडदा थरथरला आणि माझा मांडव उभा राहिला. मोठा, लाल-पिवळा, झालरीचा. त्यात काळ्या केसांचा, दोन पायांवर भरभर चालणारा मी. वरात पुढे ढकलली, पंगत पुढे ढकलली. हळद आली.

सिनेमाचं गाणं सुरू झालं. पण त्याच्याखाली काहीतरी खरखरत होतं. कुणी भिंतीपलीकडे बोलत असावं तसं. मी लगेच म्हटलं, सलीमने फसवलं, पेटी खराब आहे. फोन लावला, आवाज चढवला. सलीमभाई म्हणाले, "शेट, तुम्ही उतरू शकत नाही, तर मी चढतो." त्यांचं वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त. धापा टाकत आले, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"पेटी साफ आहे," ते म्हणाले. "दोन आवाज आहेत, आपसात भांडतायत. तुमचा जुना टीव्ही होता, त्याला आवाजाचं भोक किती?"

"एक."

"मग दोनातली कुठली वायर लावली होती?"

मला लख्ख आठवलं. जुन्या टीव्हीला आवाजाचं एकच भोक होतं. पांढरीचं टोक सैल होतं, सारखं निसटायचं. लाल घट्ट बसली. आवाज आला ना, मग झालं, असं म्हणून मी लाल लावली आणि पांढरी सुतळीने गुंडाळून मागे टाकली. सुतळीचा तो वेढा त्या वायरीवर अजून होता.

"दोन्ही वायरींतून एकच आवाज येतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" सलीमभाई उठले आणि त्यांनी लाल वायर ओढून काढली.

सिनेमातली बाई गेली. खोलीत आई आली.

तोच आवाज. जात्याचा. बांगड्या, कुणाचं तरी रडणारं मूल, पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या तळाशी आई. सुमन टीव्हीमागेच उभी राहिली, हात भिंतीला लावून. मयूरी फोन घेऊन स्पीकरजवळ बसली. आई हळदीला विचारत होती, कुठल्या शेतात जन्मलीस, कुणी खणलं, कुणी कांडलं. मला वाटलं, संपलं. सापडलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं.

आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, आईच्या दुप्पट मोठा, दुसरा आवाज आला. माझा.

"दुसरी परत नको रं मला. गानी वाढव. हलदीवर पन टाक."

दिनकरचा आवाज पुसट होता. "भाऊ, काकी गातायत. हलदीवर कशाला?"

"टाक म्हनतो ना. पुन्याची, मुंबैची मानसं बघनार हायत. ह्या बायांचा रडगाना कोन ऐकनार हाय? पुसून टाक सगला."

आई गात होती. मी बोलत होतो. एक कडवं, दोन, तीन. तिची एक ओळ पुरी ऐकू येत नव्हती. मी दोन गाणी वाढवून घेत होतो, मग आणखी दोन. काय जिद्दीने! पलंगावर बसून मी त्या माणसाकडे बघत होतो आणि त्याला थांबवायला काहीही करता येत नव्हतं. सलीमभाई जमिनीकडे बघत होते. मी इतकी वर्षं सांगत आलो होतो की वरातीवर गाणी लाव म्हटलं होतं, हळदीवर नाही. मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच आठवत होतं.

तेवढ्यात गाणं थांबलं. पडद्यावर आईने मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आरं, गप ऱ्हा जरा. हलद बोलतेय."

बायका हसल्या. मी गप्प झालो. आणि शेवटचं एक कडवं, अगदी शेवटचं, तेवढं स्वच्छ आलं. त्यात हळद नवरीला विचारते,

"रंग माझा पाच दिसांचा, मंग घर कशानं वलखशील?"

आणि नवरी सांगते,

"आय मारील हाक गो, तिच्या मागं मी येईन."

मग वाजंत्री सुरू झाली आणि चित्र बदललं.

सलीमभाई जाताना म्हणाले की असं करायला जास्त मेहनत लागते. पुसणं सोपं असतं. एका वाटेवर गाणी आणि दुसरीवर खरा आवाज ठेवायचा, तर बसून करावं लागतं. चहा न घेताच ते हळूहळू तीन मजले उतरले. मी त्यांची पावलं खालपर्यंत मोजली.

म्हणजे मी पुसायला सांगितलं होतं आणि दिनकरने पुसलं नव्हतं. मला हवं ते लालमध्ये दिलं, आणि माझ्या आईला पांढरीत ठेवलं. तेच सांगायला तो त्या दिवशी बाजारात तोंड उघडत होता. ते वाक्य पुरं झालं असतं, तर आई चुलीपासून उठून पुन्हा येऊन बसली असती. तिला तिचा आवाज ऐकता आला असता. एक वर्ष होतं तिच्याकडे.

मी घासाघिशीचा माणूस आहे. काही तुटलं की त्यातून काय सोडवता येईल ते आधी बघतो. इथे सोडवण्यासारखं काही दिसेना. मयूरीच्या लग्नाच्या पत्रिका टेबलावर पडल्या होत्या. एकीवर मी दिनकरचं नाव लिहिलं, सगळ्या कुटुंबासहित. स्वतः जायला हवं होतं. जिना तसाच होता. सुमन पळस्प्याला जाऊन आली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

ती चपला काढत होती. "पत्रिका घेतली. वाचली. मंग इचारलंन, पांढरी लावली का त्यांनी?"

"तू काय सांगितलंस?"

"लावली म्हनून सांगितलं."

आता रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत बायका जमतात. बेबी येते, खालच्या मजल्यावरच्या दोघी येतात, सुमन असते. ते एक कडवं पाठ करतात. आधीच्या कडव्यांतून जेवढं ऐकू येतं तेवढं मयूरीने वहीत उतरवलंय, बाकी जागा कोऱ्या सोडल्यात. माझा आवाज फोनवर कापून टाकता येतो, तिला येतं ते. मी एकदा आडून सुचवलं. ती म्हणाली, "राहू दे, बाबा. नाहीतर आजी गप्प राहायला कुणाला सांगते, ते कळणार नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर भांडलो असतो.

खिडकीबाहेर समोरचा मांडव आता पुरा झालाय. बांबू तिरकाच आहे, पण छत धरून आहे. काथ्याचा वास वर येतो. बाहेरच्या खोलीत मयूरी फोन सुरू करते. प्रत्येक वेळी सुरुवातीपासून. माझी घासाघीस सुरू होते, बायका कौतुकाने माझ्या दाराकडे बघतात, मला दार लावून घ्यायलाही उठता येत नाही. दोन गाणी वाढतात, आणखी दोन वाढतात. मग आई मान वळवते. गप ऱ्हा जरा, म्हणते.

मी गप्प राहतो. तेवढ्यात ते कडवं होऊन जातं.